दामिनीला मैदानात उतरवा!

सौंसर तालुक्यात रग्बी समजणारा माणूस एकच, आणि तो मी! हे मी माझ्याच तोंडाने सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगायचं तर आधी त्याला रग्बी समजायला हवी ना! आमच्याकडे कापूस समजणारे हजार, संत्रं समजणारे दहा हजार, आणि राजकारण समजणारे तर मोजायलाच नको. पण तो लांबुळका चेंडू हातात धरून पुढे पळायचं आणि फेकायचा मात्र मागे, या खेळाचे नियम तोंडपाठ असलेला माणूस लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत हुडकून दाखवा. या भगवंतरावाशिवाय दुसरा सापडला तर मिशी उतरवीन!

त्याचं असं झालं. बाराखडी मी शिकलो वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. शिकवणारी होती माझी नात दामिनी, तेव्हा बारा वर्षांची. छडी घेऊन बसायची! आणि नेमकी त्याच वर्षी पांढुर्ण्याच्या शाळेत तिला रग्बी लागली, एखाद्याला तंबाखू लागावी तशी. बाराखडी संपली तेव्हा घरात वाचायला दोनच गोष्टी होत्या: विजेचं बिल, आणि तिच्या मास्तरांनी दिलेलं रग्बीच्या नियमांचं पुस्तक. बिल वाचून डोकं दुखायचं, म्हणून मी नियम वाचले. चौदा वेळा वाचले!

माझ्या बायकोला, जयवंताला, मात्र यातलं काही कळत नव्हतं. दामिनीने पहिल्यांदा चेंडू घरी आणला तेव्हा जयवंताने तो दाबून पाहिला, कच्ची पपई म्हणून तुरीच्या पोत्यात पिकायला ठेवला, आणि रोज उठून वास घेऊन पाहायची! आठ दिवस पोरीने सगळं गाव शोधलं.

ती पोरगी मोठी झाली आणि मागच्या वर्षी भारताच्या संघात निवडली गेली. पेपरात फोटो आला. मी तो फोटो घेऊन सौंसरच्या बाजारात तीन चकरा मारल्या; ज्याला वाचता येत होतं त्यालाही मीच वाचून दाखवला.

आणि त्याच महिन्यात जयवंताच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले, चष्मा काढला आणि म्हणाले, "घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला." याचा अर्थ कळायला बाराखडी लागत नाही.  येताना मुलगा विनोद गाडी चालवत होता, सून सुचिता खिडकीबाहेर पाहत होती. सावनेर मागे पडल्यावर जयवंताच बोलली.

"मले काही खाऊ नोका घालू. एक डाव दामिनीले मैदानात पाहू द्या. बस."

तोपर्यंत तिने नातीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. सामने लांब लांब असायचे आणि घरची गुरं कोण पाहणार, म्हणून दर वेळी तीच मागे राहायची. आता दामिनी कलकत्त्याच्या शिबिरात होती. तिथे बाहेरच्या देशांच्या मुली येणार होत्या, तीन आठवड्यांत तीन सामने होते, आणि ते मोबाईलवर दिसणार होते. दामिनी रडत म्हणाली, "आजी, मी येते घरी."

जयवंता म्हणाली, "आली तं दार नाई उघडणार! तिकडंच राहा. मी इथून पाहीन."

मी छाती ठोकून म्हणालो, "वं जयवंता, तू फक्त उशाले टेकून बस. पोरगी खेळन, मी समजावून सांगीन!"

पहिला सामना रविवारी दुपारी होता. विनोदने मोबाईलचं चित्र टीव्हीवर आणलं. जयवंताची खाट समोर सरकवली. अर्धी गल्ली घरात येऊन बसली. सगळ्यांच्या पुढे सुरेश. सुरेश म्हणजे आमच्या शेजारचा, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता, आता रिटायर झाला आहे. तीस वर्षं दुसऱ्यांना सुया टोचल्या, ती सवय अजून गेलेली नाही.

"भगवंतराव, ह्या पोरी चेंडू मागंच कायले फेकून राहिल्या? सरकारी काम आहे का हे?"

"नियम आहे तो! पुढे फेकता येत नाई."

"आणि आता ह्या साऱ्या जणी डोक्याले डोकं लावून काय ढुंढून राहिल्या? नथ हरपली का कोणाची?"

"त्याले स्क्रम म्हणतात बाप्पा! चूप बस ना!"

जयवंता विचारत होती, "दामिनी कोणती जी?"

मीही तेच शोधत होतो. मैदानात पंधरा पोरी, त्यात ती नव्हती. मग कॅमेरा कडेला फिरला आणि बाकावर बसलेली दामिनी दिसली. अंगात निळं जॅकेट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, डावा हात खिशात.

"हे पाहा!" मी ओरडलो. "हात खिशात घालून कशी बसली! रागात आहे पोरगी! का नाही असणार? असा वाघ बाहेर बसवून ठेवला!"

जयवंता टीव्हीकडे बघत म्हणाली, "अजी, तिचा हात दुखून राहिला वाटते."

"तुले रग्बी समजत नाई. तो राग आहे."

तेवढ्यात पडद्यावर कोच दिसला. वीरेंद्र सर, दिल्लीच्या पलीकडचे कुठले. चेहरा असा, जणू कोणी नुकतीच त्यांच्या हरभऱ्यात गुरं सोडली होती! ऐंशी मिनिटं तो माणूस हाताची घडी घालून उभा राहिला. सात पोरी बदलल्या त्याने. दामिनीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आपण हरलो. दणकून हरलो!

लोक उठून जायला लागले. मी कोचला अशा शिव्या दिल्या की खुंट्याला बांधलेली गाय दावं तोडायला लागली. जयवंता म्हणाली, "कोणाच्या लेकराले शिव्या नोका देऊ जी. त्याची माय असन कुठंतरी."

पण मी हरणारा नव्हतो. मी सगळ्यांना थांबवलं आणि संत्र्याच्या भाषेत समजावलं. आमच्याकडे डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. झाडाला तहानेने कासावीस करतात, पानं मलूल होतात, थोडी गळतात. त्याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत एकदम पाणी सोडायचं, की झाड पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जातं.

"कोच ताण देऊन राहिला!" मी म्हणालो. "मोठा हुशार माणूस! दुसऱ्या मॅचले पाणी सोडते पाहा. अशी फुटन पोरगी, की बघत राहसान!"

सुरेश म्हणाला, "आतापर्यंत तं शिव्या देऊन राहिले होते?"

"तवा समजलं नव्हतं."

रात्री दामिनीचा फोन आला. मी विचारलं, "काय म्हणते तुझा कोच?"

"सर म्हणतात पुढच्या वेळी पाहू, आबाजी."

जयवंताने फोन मागितला. तिचा आवाज तोपर्यंत बारीक झाला होता. म्हणाली, "बाई, डाव्या कुशीवर नोको झोपू."

 मी फोन ओढून घेतला. हे काय बोलणं झालं? इकडे देशाचा खेळ बुडत होता आणि ही कुशीचं सांगत होती!

दुसरा सामना आला. दामिनी पुन्हा बाकावर. तेच जॅकेट, तोच खिसा, तोच हात! कोच तोच, तोंड तेच, हरभऱ्यात गुरं तीच! आपण पुन्हा हरलो. जयवंता शेवटपर्यंत बसू शकली नाही. सामना अर्धा असतानाच तिला आडवं केलं, पण डोळे मिटायला तयार नव्हती. पहिल्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी विचारत होती, "उतरली का जी?"

मी म्हणायचो, "आता उतरतेच."

ऐंशी मिनिटांत चाळीस वेळा मी तेच खोटं बोललो. त्या चाळिसांचा राग मी कोचवर काढायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. आयुष्यातलं पहिलं पत्र! त्यापूर्वी लिहायचं काही काम पडलं नव्हतं. सही आणि संत्र्यांच्या पेट्यांवर नाव, एवढंच. मराठीतच लिहिलं. लिपी एकच आहे, अर्थ नाही समजला तरी राग समजेल, असा माझा हिशेब! पत्र असं होतं:

"कोच वीरेंद्र सर यांना भगवंतरावचा नमस्कार. तुम्ही कधी संत्र्याचं झाड पाहिलं आहे काय? त्याला ताण देतात. पण ताणाला हद्द असते. चाळीस दिवस झाले, पानं गळायला लागली, की शहाणा माणूस पाणी सोडतो. जो सोडत नाही त्याची बाग वाळते, आणि तो माणूस गाढव असतो. मी तुम्हाला गाढव म्हणत नाही. तुम्ही स्वतः विचार करा. दामिनीला मैदानात उतरवा. तिची आजी खाटेवर आहे. फार दिवसांची नाही. तिला पोरीला एकदा मैदानात बघायचं आहे. तुमच्यामुळे ते राहिलं, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. रग्बीचे नियम मला पाठ आहेत. मला फसवता येणार नाही."

स्पीड पोस्टाने पाठवलं. पोस्टातल्या बाईने पत्ता दोनदा वाचला आणि माझ्याकडे तीनदा पाहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं झालं नसतं! पण शिबिराच्या फॉर्मवर कोचचा फोन नंबर होता आणि तो मी सुरेशला दाखवला. सुरेशने तो वहीत उतरवून घेतला, आणि दुपारपर्यंत तो नंबर कापसाच्या बाजारातून फिरून किराणा दुकानात पोचला होता!

मग काय! सरपंचांनी फोन केला. भजनी मंडळाने केला, आधी एक अभंग म्हटला आणि मग तक्रार सांगितली. खताच्या दुकानदाराने केला. दामिनीला एकदा ताप आला असताना तपासलेल्या डॉक्टरांनी केला. जयवंताचं माहेर सावरगावचं. तिच्या भावाने, गुलाबने, जाम नदीच्या पलीकडून केला. तो म्हणाला, "अजी सर, हमारे यहाँ गोटमार होता है। उसमें किसी को बाजू में नहीं बिठाते, सीधा नदी में उतारते हैं! सर फूटे तो फूटे!" गोटमार म्हणजे आमच्याकडची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेक, पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या काठावर. कोचला वाटलं असेल, ही धमकी आहे! पहिल्या दिवशी ते सगळ्यांना "जी, जी" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी नुसतं "जी". तिसऱ्या दिवशी फोन बंद!

"घाबरला!" मी म्हणालो. "आता उतरवतेच पाहा!"

एक उपाय राहिला होता, तोही केला. जामसांवलीला गेलो. तिथले मारुतीराय आडवे झोपलेले आहेत. झोपलेल्या देवाला मोठ्याने सांगणं बरं नाही, म्हणून कानाशी वाकल्यासारखं करून हळूच म्हणालो, "देवा, दामिनीले मैदानात उतरव." गर्दी होती, मागून पुजाऱ्याने पुढे ढकललं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, 'खेळव' म्हणायचं राहून गेलं! पण म्हटलं, देवाला तेवढं कळतं.

घरी आलो तर विनोद अंगणात उभा. तोंड लाल.

"बाबा, कोचले ताण शिकवून राहिले ना तुम्ही? आपल्या बागेत पाणी सोडाचं कोणी? पंचावन्न दिवस झाले! फांद्या कडकड मोडून राहिल्या!"

 मोटर माझ्या ताब्यात असते. मी फोन आणि पत्रात असा गुंतलो, की बाग आठवलीच नाही. त्या संध्याकाळी मी पाणी सोडलं. झाडं मुकाट्याने पीत होती, पण उशीर झालेला मला दिसत होता. पाटाच्या कडेला उभा राहून मी मनातल्या मनात कोचलाच दोष दिला. दुसरं कोण होतं!

तिसरा सामना. शेवटचा. जयवंता तोवर चमच्याने पाणी पीत होती. सुचिताने पाठीला चार उशा लावल्या, तरी मान कलत होती, म्हणून मी खाटेवर बसून तिला छातीशी धरलं. चाळीसेक माणसं घरात, तेवढीच खिडकीत. सुरेशने फटाक्यांची लड आणली होती.

"पंचवीस मिनिटात उतरते," मी जाहीर करून टाकलं.

आणि तेविसाव्या मिनिटाला आपली एक पोरगी खाली पडली, खेळ थांबला, आणि दामिनी बाकावरून उठली, जॅकेटवर हिरवा गंजीफ्रॉक चढवलेला, आणि धावत धावत मैदानात शिरली!

"उतरली!" मी असा ओरडलो की माझाच कान बंद झाला. "उतरली वं जयवंता! पाहा! पाहा!"

बाहेर सुरेशने लड लावली. धडाडधूम! कोणी गुलाल उधळला, तो खिडकीतून येऊन टीव्हीवर बसला. सरपंचांनी मला हात जोडले. विनोदने, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या पाठीवर थाप मारली.

मग सुचिताने पदराने गुलाल पुसला आणि चित्र नीट दिसलं.

दामिनीच्या उजव्या हातात एक जाळीचा डबा होता. त्यात सहा बाटल्या. ती प्रत्येकीजवळ जाऊन पाणी पाजत होती. मग ती धावत परत गेली आणि बाकावर बसली.

बाहेर लडीतला शेवटचा चुकार फटाका फुटला, तोही सगळ्यांना ऐकू आला.

खिडकीतून कोणीतरी हसलं. सुरेश आत आला, त्याला काही माहीत नव्हतं. "गोल झाला का?"

"पाणी वाटून राहिली," कोणीतरी हळूच सांगितलं.

"पाणी? नॅशनल टीमात? पाणी तं आमच्या दवाखान्यातली बाई वाटत होती!" सुरेश म्हणाला. मग टीव्हीकडे बघून, "आणि एकाच हातानं?"

"दुसरा हात अजून रागात असन," विनोद दात खाऊन म्हणाला. तो टोमणा मला होता, कोचला नाही.

 पत्रातले माझे शब्द मला आठवले. 'मैदानात उतरवा.' त्या माणसाने उतरवली होती! साऱ्या देशासमोर माझ्या पोरीच्या हातात पाण्याच्या बाटल्या देऊन त्याने माझ्या पत्राचं उत्तर दिलं होतं! मी विनोदला म्हणालो, "बंद कर टीव्ही."

"थांबा जी."

जयवंताचा आवाज. कितीतरी दिवसांत इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"मले सरळ बसवा."

मी बसवलं. दामिनी पुन्हा मैदानात आली होती. या वेळी पलीकडच्या देशाची एक पोरगी पाय धरून बसली होती, दामिनीने तिलाही बाटली दिली.

"तिकडच्यांयले बी देते," जयवंता म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं. "पाहा ना जी. माझ्या मायसारखी पयते. माय गोटमारीच्या दिवशी नदीवर पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभी राहे. सावरगावचा असो का पांढुर्ण्याचा, फुटक्या डोक्याचा आला की पाणी पाजे. साऱ्यायले दगड लागे, मायले कोणी मारत नोव्हतं. मायच्या अंगावर दगड टाकणारा पैदा नाई झाला." दम लागला, थांबली, पुन्हा म्हणाली, "सर्वायहून मोठं काम दिलं तिले."

सुरेशने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांच्या सुया त्याला एकदम टोचल्या असतील. त्याने तोंड मिटलं आणि खाली बसला.

त्यानंतर दामिनी आणखी चार वेळा मैदानात आली. दर वेळी जयवंता बोट उचलायची आणि म्हणायची, "आली." चाळीस माणसांतलं कोणी हललं नाही. आपण तोही सामना हरलो. पण किती गुणांनी, ते आजही मला सांगता येणार नाही. तालुक्यातला एकमेव जाणकार मी, आणि मला गुण आठवत नाहीत!

लोक गेल्यावर मी दात खात म्हणालो, "या कोचले मी..."

"शिव्या नोका देऊ," ती म्हणाली. "त्यानं मले पोरगी दाखवली."

चौथ्या दिवशी सकाळी जयवंता गेली. सुचिता चहा घेऊन आली तेव्हा तिचा हात माझ्या हातातच होता. मला वाटत होतं झोपली आहे.

दामिनी दुसऱ्या दिवशी पोचली. तेच निळं जॅकेट. आईच्या गळ्यात पडली आणि कळवळून ओरडली. सुचिताने घाबरून चेन उघडली. खिशात खोचलेली डावी बाही रिकामी होती; आत हात गळ्यात बांधलेला होता, खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टे!

पहिल्या सामन्याच्या चार दिवस आधी सरावात तिचा खांदा निखळला होता. नियमाप्रमाणे तिला त्याच दिवशी घरी पाठवायला हवं होतं. तिने कोचच्या हातापाया पडून सांगितलं होतं, आजी वाट बघते आहे, निदान बाकावर दिसू द्या, आणि घरी कळवू नका. त्या माणसाने वरच्यांची बोलणी खाल्ली, पण तिला बसू दिलं. आमच्या भजनी मंडळाचा अभंग ऐकला, गुलाबची गोटमार ऐकली, आणि एकालाही सांगितलं नाही की पोरीचा खांदा निखळला आहे!

"तुमचं पत्र पुण्याच्या मुलीनं सरांना वाचून दाखवलं, आबाजी," दामिनी म्हणाली. "गाढवापाशी सर हसले. पुढचं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मला म्हणाले, 'टॅकल करून तू कोणाला पाडू शकत नाहीस. धावू तर शकतेस ना?'"

"आजीला कोणी सांगितलं होतं, डाव्या कुशीचं?" सुचिताने विचारलं.

दामिनी म्हणाली, "कोणीच नाही. तिला दिसलं."

चौदा वेळा पुस्तक वाचलेला माणूस ओसरीवर जाऊन बसला. मी, दुसरा कोण!

तेरवी झाल्यावर मी माफी मागायला कोचला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. नंबर अस्तित्वातच नाही, असं फोनमधली बाई म्हणाली! आमच्यामुळे त्यांनी नंबर बदलला होता. दामिनीकडून नवा घेतला. लागला. मी म्हणालो, "सर, मैं सौंसर से..." आणि पलीकडून फोन कट! पुन्हा लावला. "सर, सौंसर..." पुन्हा कट! शेवटी दामिनीने बोलून मला दिला. कागदावरचं एक अक्षर दिसेना.

"सर, गलती हो गई," एवढंच म्हणालो.

 त्यांनी विचारलं, "दादीजी ने देखा?"

"देखा सर। छे बार देखा।"

"अच्छा।" मग म्हणाले, "और बाबूजी, वो आपका संतरे का बाग? पानी छोड़ा टाइम पे?"

 म्हटलं, "सर, उस मामले में गधा मैं ही निकला।" पलीकडे ते हसले. पलीकडच्या हसण्यावर मी इकडे रडलो, आणि फोन ठेवला.

आता इथे हे लिखाण थांबवलं असतं, तर माझी थोडी शोभा राहिली असती. पण घडलं ते सांगायला हवं.

गेल्या महिन्यात दामिनीचा खांदा बरा होऊन ती पहिल्यांदा खरी खेळली. पाठीवर अकरा नंबर. घरात टीव्हीसमोर मी, विनोद, सुचिता आणि सुरेश. खाटेची जागा रिकामी. पोरगी अशी पळाली, की तिघींना अंगावरून झटकून पार शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन पडली! सुरेशसुद्धा उभा राहिला. आणि पुढच्या तीन मिनिटांत कोचने तिला बाहेर बोलावलं आणि दुसरीला उतरवलं!

मी ताडकन उठलो. "अबे हरभऱ्यात गुरं घुसल्यावानी तोंडाच्या! अक्कल गहाण ठेवली का बे? चालत्या बैलाले कोणी सोडते का? थांब, पत्रच लिहितो तुले!"

गल्लीत लोक जमा झाले. सुरेश माझा हात धरून खाली बसवत म्हणाला, "भगवंतराव, तुम्ही तं त्या माणसाची माफी मागितली होती ना?"

मागितली होती. मनापासून मागितली होती. मी तोंड पुसलं आणि बसलो. सुरेशला काय समजावणार? लग्नाची एक्कावन्न वर्षं मी रोज घरात कोणाशी तरी भांडत आलो, आणि आता भांडायला माझ्याजवळ तो एक कोचच तर उरला आहे!